भाडेकरूने केलेल्या नुकसानीचा हुकूमनामा मिळाला, आता वसुली कशी करायची?

भाडेकरू घर सोडून गेला. मागे उखडलेलं किचन, फुटलेलं बेसिन, भिंतीतून ओढून काढलेली वायरिंग आणि थकलेलं वीजबिल राहिलं. डिपॉझिट त्यात कधीच संपलं. तुम्ही दावा लावला, पंचनामा, फोटो आणि दुरुस्तीची बिलं सिद्ध केली आणि कोर्टाने तुमच्या बाजूने हुकूमनामा (डिक्री) दिला. अनेक घरमालक इथेच थांबतात, कारण आता कोर्टच पैसे वसूल करून देईल असं त्यांना वाटतं. पण कोर्ट आपणहून काहीच करत नाही. वसुलीसाठी वेगळी दरखास्त (अंमलबजावणीचा अर्ज) दाखल करावी लागते आणि ऋणकोचा, म्हणजे पैसे देणं लागणाऱ्या भाडेकरूचा, पैसा कुठे आहे ते तुम्हालाच कोर्टाला दाखवून द्यावं लागतं. 'सामनेवाल्याच्या मालमत्तेतून वसूल व्हावे' एवढंच लिहिलेली दरखास्त वर्षानुवर्षं पडून राहते. बँकेचं आणि शाखेचं नाव, नोकरीचं ठिकाण किंवा गट नंबर लिहिलेली दरखास्त मात्र पुढे सरकते.

हा लेख महाराष्ट्रातल्या दिवाणी न्यायालयांच्या हुकूमनाम्यांबद्दल आहे. कायदा मुख्यतः दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधली कलमं ३६ ते ७४ आणि आदेश २१ इथला आहे. लिव्ह अँड लायसन्सवर राहिलेला माणूस कायद्याने 'लायसन्सी' असतो, पण वसुलीच्या टप्प्यावर त्याने काही फरक पडत नाही. इथे तो फक्त ऋणको आहे आणि तुम्ही धनको.

आधी कागद तपासा

नक्कल विभागातून न्यायनिर्णय आणि हुकूमनामा अशा दोन्हींच्या प्रमाणित प्रती घ्या. बरेच जण फक्त निकालपत्र घेतात. अंमलबजावणी हुकूमनाम्याची होते आणि खर्चाचा तक्ता त्याच्याच खाली असतो. प्रती हातात आल्या की चार गोष्टी पाहा.

पहिली गोष्ट नावं. लायसन्स नवरा-बायको दोघांच्या नावावर होतं आणि हुकूमनामा फक्त नवऱ्यावर असेल, तर बायकोच्या खात्याला हात लावता येत नाही. दोघांवर संयुक्त आणि वैयक्तिक जबाबदारी असेल, तर पूर्ण रक्कम कोणाही एकाकडून घेता येते. भाडेकरू कंपनी असेल तर संचालकाच्या घरावर जप्ती नेता येणार नाही, त्यासाठी तो स्वतः प्रतिवादी असायला हवा होता. नाव किंवा रक्कम लिहिताना झालेली चूक कलम १५२ खाली दुरुस्त होते. ती दरखास्तीआधीच करून घ्या, कारण दरखास्त चालवणारं कोर्ट हुकूमनाम्याच्या पलीकडे जाऊ शकत नाही.

दुसरी गोष्ट व्याज. निकालानंतरच्या व्याजाबद्दल हुकूमनामा गप्प असेल, तर कलम ३४(२) प्रमाणे ते नाकारलं असंच धरतात. दरखास्तीत ते मागून मिळत नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत दुर्लक्षित राहते आणि भाडेकरूंच्या दाव्यांत तीच सर्वांत जास्त नडते. निकाल एकतर्फी आहे का? असेल तर समन्स कुठे बजावलं होतं? दाव्यात पत्ता म्हणून तुमच्याच फ्लॅटचा नंबर टाकला असेल आणि भाडेकरू तोवर निघून गेला असेल, तर समन्स त्याला मिळालंच नाही. खातं गोठलं की तो धावत येईल, आदेश ९ नियम १३ खाली अर्ज देईल आणि निकाल रद्द होऊन दावा पुन्हा पहिल्यापासून चालू होण्याची शक्यता आहे. म्हणून मूळ दाव्याच्या रोजनाम्यात (कोर्टाच्या दर तारखेच्या नोंदींत) बजावणी कशी नोंदली आहे ते वकिलांसोबत वाचून घ्या. समन्स मूळ गावच्या पत्त्यावर, नोकरीच्या ठिकाणी किंवा वर्तमानपत्रातून बजावलं गेलं असेल तर पाया बराच पक्का आहे.

चौथी गोष्ट अपील. जिल्हा न्यायालयात अपिलाची मुदत ३० दिवस आहे. नुसतं अपील दाखल झालं म्हणून अंमलबजावणी थांबत नाही, त्यासाठी वेगळा स्थगिती आदेश लागतो. असा आदेश तुम्हाला न ऐकता होऊ नये म्हणून अपील कोर्टात कॅव्हेट दाखल करून ठेवा. ते ९० दिवस चालतं.

मुदत १२ वर्षं, पण थांबू नका

पैशाच्या हुकूमनाम्याची अंमलबजावणी मुदत कायद्याच्या अनुच्छेद १३६ प्रमाणे १२ वर्षांत मागता येते. एक दरखास्त निकाली निघाली तरी मुदतीत दुसरी लावता येते. मात्र दोन वर्षांची एक आतली रेषा आहे. हुकूमनाम्याला दोन वर्षं उलटून गेल्यावर दरखास्त केली, तर आदेश २१ नियम २२ प्रमाणे आधी ऋणकोला कारणे दाखवा नोटीस काढावी लागते. नोटीस मिळाली की खातं रिकामं करायला त्याला भरपूर वेळ मिळतो. कारणं नोंदवून ही नोटीस टाळण्याचा अधिकार कोर्टाला आहे, पण त्यावर विसंबू नका. पहिली दरखास्त दोन वर्षांच्या आत लावा.

पैसा कुठे आहे ते शोधा

इथे जितका वेळ घालाल तितका पुढे वाचेल. सुरुवात तुमच्याच फाइलपासून करा. नोंदणीकृत करारात पॅन, आधार, मूळ पत्ता आणि साक्षीदार असतात. पोलीस ठाण्यात दिलेल्या भाडेकरू माहिती अर्जात बहुतेक वेळा नोकरीचं ठिकाण आणि ओळखीच्या दोन माणसांची नावं असतात. सोसायटीच्या फॉर्ममध्ये गाडीचा नंबर सापडतो.

सर्वांत मोलाचं म्हणजे तुमचं बँक स्टेटमेंट. भाडं एनईएफटी किंवा यूपीआयने येत असे ना? त्या नोंदींत पाठवणाऱ्याच्या बँकेचं नाव किंवा आयएफएससी दिसतो, कधी खातं क्रमांकाचे शेवटचे आकडेही दिसतात. चेकने भाडं येत असेल तर आपल्या बँकेकडून चेकची प्रत मागा, तिच्यावर शाखा आणि खातं क्रमांक दोन्ही असतात. माणूस घर बदलतो, पण पगाराचं खातं सहसा लगेच बदलत नाही.

मग सरकारी नोंदी. महाभूलेखवर गावाचं नाव आणि आडनाव टाकून सातबारा शोधता येतो, मूळ गाव करारातून कळलेलं असतंच. शहरातल्या जागेसाठी मिळकत पत्रिका पाहा. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर गाव आणि मिळकत क्रमांक टाकला की सूची क्रमांक २ दिसते, तीत खरेदी-विक्री कळते. दुकान भाड्याने दिलं होतं आणि भाडेकरूची जीएसटी नोंदणी असेल, तर जीएसटी पोर्टलवर नाव आणि व्यवसायाचं ठिकाण दिसतं. कंपनी असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर नोंदणीकृत कार्यालय आणि संचालक दिसतात.

ई-कोर्ट्सवर त्याच्या नावाने प्रकरणं शोधा. याचे दोन फायदे. इतर धनको मागे लागलेले असतील तर घाई करावी लागेल हे कळतं, कारण जप्तीचा पैसा कोर्टात येण्याआधी दरखास्त केलेल्या सर्व धनकोंना कलम ७३ प्रमाणे तो प्रमाणात वाटला जातो. आणि कधी कधी त्यालाच कोणाकडून तरी पैसे येणं असल्याचं दिसतं. तो येणारा पैसाही जप्त करता येतो.

आणखी एक जागा बहुतेकांच्या लक्षात येत नाही, ती म्हणजे नव्या घराचं डिपॉझिट. तुमचा माजी भाडेकरू आज कुठेतरी भाड्यानेच राहत असेल आणि तिथे त्याने काही हजार ते काही लाख रुपये अनामत ठेवले असतील. ते त्याला परत मिळणारे पैसे आहेत. नव्या घरमालकावर मनाई हुकूम निघाला की घर सोडताना ती रक्कम तो भाडेकरूच्या हातात देऊ शकत नाही. रक्कम लगेच हाती येत नाही हे खरं, पण दबाव चांगला बसतो.

एक पत्र, एक संधी

दरखास्तीपूर्वी एक साधं पत्र पाठवणं चांगलं. हुकूमनाम्याची तारीख, आजवरची रक्कम, तुमचे बँक तपशील आणि १५ दिवसांची मुदत, एवढं पुरे. त्यात तुमच्याकडची माहिती उघड करू नका. 'तुमच्या अमुक बँकेतल्या खात्यावर जप्ती आणू' असं लिहिलं, तर ते खातं दुसऱ्या दिवशी रिकामं होईल. खाते क्रमांक पक्का माहीत असेल आणि माणूस पैसे हलवणारा वाटत असेल, तर पत्र न पाठवता थेट दरखास्त लावा.

हप्त्यांवर तडजोड करायची असेल तर ती लेखी करा आणि दोघांच्या सह्यांची पुरसिस (लेखी निवेदन) कोर्टात दाखल करा. एक हप्ता चुकला की उरलेली सगळी रक्कम एकदम देय होईल, हे वाक्य तीत असलंच पाहिजे. हुकूमनाम्यानंतर हप्ते बांधून देण्यासाठी कोर्टाला तुमची संमती लागते. परवडत नसेल तर नाही म्हणायचा अधिकार तुम्हाला आहे. पुढच्या तारखांचे चेक घेतलेत तर आणखी एक साधन हाती राहतं. चेक परत आला तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, तिथून १५ दिवस पैसे देण्याची मुदत आणि ती संपल्यापासून एका महिन्यात चेक न वटल्याबद्दलची, निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ ची तक्रार. लोक अदालतीतही दरखास्त तडजोडीने मिटवता येते.

कोर्टाबाहेर एक रुपया जरी आला तरी तो आदेश २१ नियम २ प्रमाणे कोर्टात नोंदवा, ती जबाबदारी धनकोची आहे. रोख घेऊ नका, बँकेतूनच घ्या.

रकमेचा हिशेब

हिशेब चुकला की पहिली हरकत तिथेच येते आणि दोन-तीन तारखा वाया जातात. समजा हुकूमनामा ₹२,४०,००० चा आहे, दावा दाखल केल्याच्या तारखेपासून, म्हणजे १ जुलै २०२२ पासून वसूल होईपर्यंत सरळ व्याज ६ टक्के, आणि दाव्याचा खर्च ₹९,५००. व्याज वर्षाला ₹१४,४००, महिन्याला ₹१,२००. निकालानंतर, १ जानेवारी २०२५ ला भाडेकरूने ₹३०,००० भरले. तोवरचं व्याज अडीच वर्षांचं ₹३६,००० आणि खर्च ₹९,५००, मिळून ₹४५,५००. हुकूमनाम्यात वेगळं काही सांगितलं नसेल, तर आलेली रक्कम आधी व्याज आणि खर्चात जमा होते, मग मुद्दलात. म्हणून ₹१५,५०० शिल्लक राहिले आणि मुद्दल ₹२,४०,००० तसंच उभं आहे. १ जुलै २०२५ ला दरखास्त लावताना त्यात सहा महिन्यांचं ₹७,२०० व्याज मिळवा. येणं ₹२,६२,७००.

हाच तक्ता तारखेवार टाइप करून दरखास्तीला जोडा. डिपॉझिट निकालातच वजा झालेलं आहे की नाही तेही पाहा. ते वजा व्हायचं राहिलं असेल तर सामनेवाला पहिल्याच तारखेला तो मुद्दा काढेल.

दरखास्त

दरखास्त ज्या कोर्टाने हुकूमनामा दिला तिथेच दाखल होते. नमुना आदेश २१ नियम ११(२) मध्ये ठरलेला आहे. दाव्याचा नंबर, पक्षकार, हुकूमनाम्याची तारीख, अपील झालं का, काही रक्कम मिळाली का, आधी दरखास्त केली होती का आणि तिचं काय झालं, आजची येणे रक्कम व्याजासह, कोणाविरुद्ध अंमलबजावणी हवी, आणि कोर्टाची कोणती मदत हवी. सोबत हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत, हिशेबाचा तक्ता, वकीलपत्र आणि मालमत्तेची यादी. जमीन किंवा फ्लॅट असेल तर चतुःसीमा किंवा गट नंबर, सिटी सर्व्हे नंबर आणि त्यातला ऋणकोचा हिस्सा लिहावा लागतो.

शेवटचा रकाना, म्हणजे मदत कोणती हवी, हा दरखास्तीचा जीव आहे. तो असा लिहा:

'सामनेवाला यांच्या नावे अमुक बँक, अमुक शाखा येथील बचत खाते क्रमांक अमुक मधील दरखास्तीच्या रकमेइतकी शिल्लक आदेश २१ नियम ४६ प्रमाणे जप्त करून, सदर बँकेस नियम ४६-अ प्रमाणे नोटीस काढून ती रक्कम कोर्टात भरण्याचा आदेश व्हावा. तसेच सामनेवाला यांनी नियम ४१(२) प्रमाणे आपल्या मालमत्तेचे शपथपत्र दाखल करावे.'

प्रोसेस फी (नोटीस-वॉरंट काढण्याची फी) आणि बेलीफ, म्हणजे ते बजावणारा कोर्टाचा कर्मचारी, याचा भत्ता वेळेवर भरा. दरखास्ती रेंगाळण्याचं सर्वांत साधं कारण हेच असतं. आदेश झालेला असतो, पण प्रोसेस भरलेली नसते, म्हणून वॉरंट निघतच नाही. प्रत्येक तारखेनंतर रोजनामा ऑनलाइन वाचा आणि 'पावले उचलावीत' असं काही दिसलं तर त्याच आठवड्यात उचला. गैरहजेरीत दरखास्त काढून टाकली गेली, तर ३० दिवसांत ती पुन्हा बोर्डावर घेण्याचा अर्ज देता येतो.

दरखास्त सहा महिन्यांत निकाली काढावी असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितलं आणि मार्च २०२५ मध्ये पुन्हा बजावलं. व्यवहारात वेळ जास्त लागतो, पण लवकर तारीख मागणाऱ्या अर्जात याचा उल्लेख करावा, उपयोग होतो.

मालमत्तेचं शपथपत्र

तुमचा शोध अपुरा पडला तर हे सर्वांत चांगलं हत्यार. हुकूमनाम्याची रक्कम ३० दिवस पूर्ण भरली गेली नाही की नियम ४१(२) खाली ऋणकोला आपल्या सगळ्या मालमत्तेचं शपथपत्र ठरलेल्या नमुन्यात, म्हणजे परिशिष्ट ई मधल्या नमुना १६-अ मध्ये, द्यायला लावता येतं. टाळाटाळ केली तर नियम ४१(३) प्रमाणे तीन महिन्यांपर्यंत दिवाणी तुरुंगवास होऊ शकतो. नियम ४१(१) खाली त्याची तोंडी तपासणीही मागता येते. कोणत्या बँकेत पगार जमा होतो, गाडी कोणाच्या नावावर आहे, गावच्या जमिनीत वाटणी झाली का, असे नेमके प्रश्न आधी लिहून ठेवा. शपथपत्रात 'काही नाही' असं लिहून आलं आणि तुमच्या हातात सातबारा असेल, तर तो खोटेपणा पुढे अटकेच्या अर्जात उपयोगी पडतो.

बँक खातं

मनाई हुकूम बँकेच्या त्या शाखेवर बजावला जातो. बजावणीच्या दिवशी खात्यात जे आहे तेच अडकतं, म्हणून तारीख महत्त्वाची. पगाराचं खातं असेल तर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बजावणी होईल असं बेलीफ विभागाशी बोलून घ्या. फक्त खातं गोठवून पैसा तुमच्याकडे येत नाही. त्यासाठी नियम ४६-अ ची नोटीस बँकेला जावी लागते. तिच्यावर बँक रक्कम कोर्टात भरते किंवा आपली हरकत सांगते, उदाहरणार्थ कर्जाची वजावट. खातं पत्नीबरोबर संयुक्त असेल तर ती हरकत घेऊन येणार हे धरून चाला आणि पैसे ऋणकोच्या पगाराचे आहेत हे दाखवणारा पुरावा तयार ठेवा.

मुदत ठेवी, डीमॅटमधले शेअर आणि म्युच्युअल फंडही जप्त होतात. प्रॉव्हिडंट फंड, पीपीएफ आणि ऋणकोच्या आयुर्विम्याची रक्कम मात्र कलम ६० ने सुरक्षित आहे, त्यावर वेळ घालवू नका.

पगार

नोकरदार भाडेकरू असेल तर सर्वांत भरवशाची वसुली इथून होते. कलम ६० प्रमाणे पगारातले पहिले ₹१,००० आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश जप्त करता येत नाहीत. पगार ₹४०,००० असेल तर ₹१,००० बाजूला, ₹३९,००० चे दोन तृतीयांश ₹२६,००० बाजूला, आणि जप्तीला मिळतात महिन्याला ₹१३,०००. एकाच हुकूमनाम्यासाठी ही जप्ती एकूण २४ महिने चालते, त्यानंतर त्या हुकूमनाम्यापुरता पगार कायमचा सुटतो. म्हणजे या पगारातून जास्तीत जास्त ₹३,१२,०००. वरच्या उदाहरणातली रक्कम त्यात दोन वर्षांच्या आत बसते. रोजंदारी मजुराचं आणि घरकामगाराचं वेतन मात्र जप्त करता येत नाही.

सरकारी, रेल्वे किंवा नगरपालिका-जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्याचा पगार नियम ४८ खाली येतो आणि पगार काढणारा अधिकारी कोर्टाच्या हद्दीबाहेर असला तरी आदेश त्याला लागू होतो. खासगी नोकरीसाठी नियम ४८-अ आहे, तिथे पगार वाटप करणारा अधिकारी कोर्टाच्या हद्दीत असावा लागतो. कंपनीचं ऑफिस पुण्यात पण पगार बेंगळुरूहून निघतो, अशा वेळी अनेक दरखास्ती इथेच अडतात. म्हणून अर्जात कंपनीच्या नुसत्या स्थानिक ऑफिसचा पत्ता न देता पगार कुठून निघतो ते आधी शोधा. आदेश मिळाल्यावरही कंपनीने पूर्ण पगार दिला, तर ती रक्कम भरण्याची जबाबदारी कंपनीवर येते. एचआर विभागाला हे माहीत नसतं, तेव्हा आदेशाची प्रत पाठवताना नियमाचा उल्लेख करा.

जंगम जप्ती, गाडी, जमीन

घरातल्या सामानाच्या जप्तीबद्दल लोकांच्या अपेक्षा फार असतात. जंगम जप्तीच्या वॉरंटवर बेलीफ जातो, पंचनामा करतो, पण कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि कारागिराची अवजारं घेता येत नाहीत. सूर्यास्तानंतर ते सूर्योदयापूर्वी घरात शिरता येत नाही. जुना टीव्ही आणि फ्रिज लिलावात फार देत नाहीत आणि वाहतूक-साठवणुकीचा खर्च आधी तुम्हालाच करावा लागतो. दुकानातला माल किंवा महागडी यंत्रसामग्री असेल तरच हा मार्ग धरा. बेलिफाला हातात पैसे देऊ नका. भत्ता नाझर कार्यालयात (कोर्टाचा पैसे सांभाळणारा विभाग) भरा आणि पावती घ्या.

गाडीचं आरसी पाहा. तिच्यावर बँकेचा बोजा असेल तर आधी बँकेचं कर्ज, मग तुमचा हक्क. बोजा नसेल तर जप्तीबरोबरच आरटीओला पत्र देऊन हस्तांतर थांबवायचा अर्ज करा.

जमीन किंवा फ्लॅटची जप्ती नियम ५४ खाली होते. जप्तीनंतर ऋणकोने केलेली विक्री कलम ६४ प्रमाणे तुमच्याविरुद्ध चालत नाही. जप्तीची नोंद तलाठ्याकडे इतर अधिकारात किंवा सोसायटीच्या रजिस्टरमध्ये करून घ्या. लिलावापर्यंत जायला मात्र बराच काळ लागतो. मूल्यांकन, जाहीरनामा, त्यानंतर किमान १५ दिवस, खरेदीदाराकडून २५ टक्के लगेच आणि बाकी १५ दिवसांत, आणि विक्रीवर हरकतीसाठी ६० दिवस. शेतकऱ्याचं राहतं घर सुरक्षित आहे. वडिलोपार्जित जमिनीत फक्त त्याचा अविभाजित हिस्सा सापडतो. दोन-तीन लाखांच्या येण्यासाठी लिलाव क्वचितच पूर्ण होतो, पण सातबाऱ्यावर जप्तीची नोंद दिसली की भावकी पैसे भरायला लावते. नुसत्या नोंदीनेच वसुली होते, असं बऱ्याचदा दिसतं. लघुवाद न्यायालयाचा हुकूमनामा असेल तर स्थावराच्या विक्रीसाठी तो नियमित दिवाणी न्यायालयाकडे वर्ग करून घ्यावा लागतो.

दाव्यानंतर त्याने फ्लॅट बायकोच्या नावे बक्षीसपत्राने करून दिला असेल, तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५३ चा विचार वकिलांसोबत करा.

अटक हा पहिला उपाय नाही

'त्याला आत टाका' हे ऐकायला सोपं वाटतं. पैसे नसलेल्या माणसाला कर्जासाठी तुरुंगात टाकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये बँक ऑफ कोचीनच्या प्रकरणात स्पष्ट केलं आहे. ऋणको पळून जाण्याच्या बेतात आहे, त्याने मालमत्ता लपवली आहे, किंवा पैसे असून तो देत नाही, यांपैकी काहीतरी तुम्हाला शपथपत्रावर दाखवावं लागतं. नवी गाडी, परदेश सहल, खात्यातल्या उलाढाली हे पुरावे चालतात. कोर्ट आधी कारणे दाखवा नोटीस काढतं. स्त्री ऋणकोला पैशाच्या हुकूमनाम्यात अटक होत नाही. ₹५,००० पेक्षा जास्त रकमेसाठी कोठडी जास्तीत जास्त तीन महिने असते, त्या काळातला निर्वाह भत्ता तुम्हीच भरता. कोठडी भोगली म्हणून कर्ज फिटत नाही, पण त्याच हुकूमनाम्यावर पुन्हा अटक होत नाही. म्हणून हे साधन शपथपत्र, बँक आणि पगार यांच्या नंतर, पुरावा जमल्यावरच वापरा.

भाडेकरू दुसऱ्या शहरात गेला असेल तर

तुमचं कोर्ट आपल्या हद्दीबाहेरच्या माणसावर किंवा मालमत्तेवर अंमलबजावणी करू शकत नाही. कलम ३९ खाली हुकूमनामा तिथल्या कोर्टाकडे वर्ग करण्याचा अर्ज द्या. हुकूमनाम्याची प्रत, वसुली न झाल्याचं प्रमाणपत्र आणि आधीच्या आदेशाची प्रत तुमचं कोर्टच पाठवतं. कागद निघाले की नाही याचा पाठपुरावा मात्र तुम्हीच करा, आवक-जावक क्रमांक घ्या आणि तिकडच्या कोर्टात तो दाखवून नवी दरखास्त नोंदवा. राज्याबाहेर जात असेल आणि निकाल मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर जोडा.

वर्ग व्हायला वेळ लागतो आणि तोवर माल निसटेल अशी भीती असेल, तर कलम ४६ खाली आदेश मागा. तुमचं कोर्ट तिकडच्या कोर्टाला थेट जप्ती करायला सांगतं. ही जप्ती दोन महिने टिकते, तेवढ्यात वर्ग करण्याचं काम उरका.

हे टाळा

त्याच्या ऑफिसला फोन करून बदनामी करणं, सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकणं, त्याचं राहिलेलं सामान विकून टाकणं. यांतलं काहीही केलंत तर उलट दावा किंवा फौजदारी तक्रार तुमच्यावर येते आणि दरखास्तीत तुमची बाजू कमकुवत होते. हुकूमनामा सिबिलला कळवून त्याचं क्रेडिट खराब करता येईल हाही गैरसमज आहे. ती नोंद बँका आणि वित्तसंस्थाच देऊ शकतात, खासगी घरमालक नाही.

पैसे कोर्टात आल्यावर

बँकेने किंवा कंपनीने भरलेली रक्कम कोर्टात जमा होते, ती तुमच्या खात्यात आपोआप येत नाही. रक्कम काढण्याचा अर्ज द्या, रद्द केलेला चेक आणि पॅनची प्रत जोडा, सामनेवाल्याचं म्हणणं घेतलं जाईल, मग आदेश होऊन नाझर विभागातून रक्कम वर्ग होईल. पगाराची जप्ती चालू असेल तर दर तीन-चार महिन्यांनी एकदा अर्ज देणं सोयीचं. प्रत्येक वेळी शिल्लक रकमेचा नवा तक्ता निशाणीसह दाखल करा, कारण मधल्या काळातलं व्याज त्यात येतं.

पूर्ण रक्कम मिळाली की वसुली पूर्ण झाल्याची पुरसिस द्या. जप्ती उठल्याची पत्रं बँकेला, कंपनीला, आरटीओला किंवा तलाठ्याला पोचतील हे पाहा. रक्कम पूर्ण मिळाली नाही आणि हाती दाखवण्याजोगी मालमत्ता नसेल, तर दरखास्त तशीच ओढत राहू नका. मिळालेल्या रकमेची नोंद करून आणि पुन्हा दरखास्त करण्याची मुभा मागून ती निकाली काढून घ्या. शपथपत्राची आणि आदेशांची प्रमाणित प्रत जपून ठेवा. १२ वर्षांच्या आत नवी नोकरी, नवं खातं किंवा नवी खरेदी सापडली की पुढची दरखास्त लावा.